खालचं खमीर

कुंदाताई कोणतीही वस्तू हातात घेतली की आधी नाकाला लावायच्या. भाजी, पुस्तक, धुतलेलं पातेलं, कपाटातून काढलेली शाल, माझ्या दुकानातला मोगरा. आता मोगरा सगळेच हुंगतात म्हणा. पण कुंदाताई हुंगून सांगायच्या, की हा काल संध्याकाळचा आहे आणि ओल्या फडक्यात नाही, प्लास्टिकच्या पिशवीत ठेवला होता. तेही गिऱ्हाइकासमोर. मी डोळे वटारले की शांतपणे म्हणायच्या, "खोटं कसं बोलू, वच्छलाबाई? तीस वर्षं या नाकाचा पगार खाल्ला आहे."

अकोल्याच्या जुन्या शहरात आमचं दोन मजली घर आहे. खाली माझं फुलांचं दुकान, वर दोन खोल्या. मालक गेल्यावर मी त्या खोल्या भाड्यानं द्यायला लागले, आणि त्यात कुंदाताई सहा वर्षं राहिल्या. आल्या तेव्हा साठीला आलेल्या, एकट्या. दोन बॅगा, एक बुटका फ्रीज आणि तीन थर्मामीटर एवढंच सामान. मी किल्ली हातात ठेवली आणि मग विचारलं, की नोकरी कुठं होती. त्या म्हणाल्या, "बिअरच्या कारखान्यात. खमीर सांभाळायचे."

किल्ली परत मागावी असं माझ्या मनात आलं होतं, लपवत नाही. माझे मालक देशी पिऊन गेले. आमच्या गल्लीतल्या बायकांचा गट तेव्हा कोपऱ्यावरचं देशीचं दुकान उठवायच्या मागं लागला होता आणि त्यात मी पुढं. आणि माझ्याच डोक्यावर ही बाई येऊन राहणार. गल्लीत दोन दिवसांत त्यांचं नाव पडलं, बिअरवाली. मी तोंडावर कधी म्हटलं नाही, पण म्हणणाऱ्याला अडवलंही नाही.

मग एके दिवशी सह्यांचा कागद घेऊन मी वर गेले. मनात म्हटलं, पाहू तर काय करते. कुंदाताईंनी कागद घेतला, हुंगला (शाई ओली होती म्हणे), पूर्ण वाचला, दोन ठिकाणी लाल पेनानं ऱ्हस्वदीर्घ सुधारलं आणि सही केली. सहीपुढं व्यवसायाची जागा होती. तिथं बाकी बायांनी गृहिणी, शिवणकाम, भाजीविक्री असं लिहिलं होतं. यांनी स्वच्छ अक्षरात लिहिलं, "निवृत्त, बिअर कारखाना." मी म्हटलं, "ताई, हे वाचून साहेब हसतील नं." तर म्हणाल्या, "हसू दे. पण खोटी सही म्हणून कागद फेटाळायला नको."

दुकान उठलं. सह्यांनी उठलं की रस्ता रुंद झाला म्हणून उठलं, यावर गल्लीत अजून दोन मतं आहेत. पण त्या दिवसापासून मी वर चहाला जायला लागले.

चहाला गेलं की आधी तापमान ऐकावं लागायचं. एक थर्मामीटर गॅलरीत, एक स्वयंपाकघरात, एक माठाच्या बुडाशी. लोक राम राम म्हणतात, या म्हणायच्या, "चव्वेचाळीस. आज एलपण मरेल." पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, एल म्हणून कोणी नातेवाईक आजारी आहे.

मग त्यांनी समजावलं. मी सातवी शिकलेली बाई, पण मला समजलं, म्हणजे बघा त्या कशा सांगत असतील. बिअर जवाची. जव भिजवून मोड आणायचे, वाळवायचे, दळून गरम पाण्यात त्याचा गोड काढा करायचा आणि त्यात खमीर सोडायचं. बिअरचे प्रकार शेकडो, पण घराणी दोन, एल आणि लॅगर. फरक जवात नाही, फरक खमिरात आणि त्याला लागणाऱ्या हवेत. एलचं खमीर वरचं. त्याला ऊब लागते. चार-पाच दिवसांत काम उरकतं, वर फेसाची जाड गादी करून बसतं, आणि जाताजाता केळ्याचा, सफरचंदाचा असा काही वास मागं ठेवून जातं. लॅगरचं खमीर खालचं. ते गारव्यात काम करतं, तळाशी बसतं, गडबड करत नाही. त्याला दुप्पट दिवस लागतात. आणि काम संपल्यावर पण बिअर लगेच काढायची नाही. बर्फाच्या जवळपास गार करून कित्येक आठवडे नुसती ठेवून द्यायची. मग ती आपोआप निवळते, चव साफ होते. जर्मन लोकांच्या भाषेत लॅगर म्हणजे कोठार. पूर्वी ते लोक डोंगरातल्या गार भुयारांत पिंपं ठेवायचे म्हणे.

"मंग आपल्या वऱ्हाडात कोणती झाली असती?" मी विचारलं.

"एल. तीही डिसेंबरात. लॅगरसाठी अकोल्याला पुन्हा जन्म घ्यावा लागेल."

सगळ्यात जास्त चिडायच्या त्या रंगावरून. लोकांना वाटतं पिवळी ती लॅगर आणि काळी ती एल, पिवळी साधी आणि काळी कडक. "रंग भाजण्याचा असतो, वच्छलाबाई. जव जास्त भाजले की काळी. काळी लॅगर असते, पिवळी एल असते. आणि कडक किती, ते रंगाला विचारून कळत नाही." हे त्या इतक्या तळमळीनं सांगायच्या की मला नवल वाटायचं. मी कुठं प्यायला बसले होते? स्वतः कुंदाताईही पीत नव्हत्या. कारखान्यात चव पाहायला घोटभर, बस. अख्खा पेला आयुष्यात प्यायल्या नाहीत. मग रंगावरून एवढं काहून तापायचं? त्याचं कारण मला पुढं कळलं.

त्यांचं आणखी एक वेड सांगते. माणसांची पण त्या वाटणी करायच्या. आमच्या नगरसेवकाला त्यांनी पहिल्या भेटीत एल ठरवलं, नुसता फेस म्हणून. दूधवाला लॅगर. गल्लीच्या तोंडाशी रहीमभाईंची बेकरी आहे, ते एल, पण चांगल्या जातीचे. रहीमभाई एकटेच त्यांना बिअरवाली म्हणत नव्हते. ते खमीरवाली आपा म्हणायचे. एकदा त्यांचे नान आठ दिवस फुगेचनात. कुंदाताई भट्टीजवळ गेल्या, पीठ हुंगलं आणि म्हणाल्या, "भाई, खमीर मेलेलं नाही, झोपलंय. तुम्ही नवा कूलर लावला तो थेट पिठावर वारा मारून राहिला." कूलर फिरवला, नान फुगले. रहीमभाई म्हणाले, आपा, आमच्या चार पिढ्या भट्टीवर गेल्या, पण खमिराला सर्दी होते हे आज कळलं.

मी कोणती, असं मी किती वेळा विचारलं. हसायच्या आणि म्हणायच्या, अजून ठरलं नाही.

एकदा मी विचारायचं ते विचारलंच. मालकांचं वर्षश्राद्ध होतं त्या दिवशी. मी म्हटलं, "ताई, तुमाले कधी काई वाटलं नाई? एवढ्या बाटल्या कोनाच्या घरी जात असतीन?"

त्यांनी कप खाली ठेवला. मग म्हणाल्या, "वाटलं. मी खमिराकडं पाहत होते, बाटली कुठं जाते तिकडं पाहिलं नाही. पाहायला पाहिजे होतं. नोकरी सोडायला पाहिजे होती का, ते मात्र मले आजही ठरवता येत नाही." बोलता बोलता त्यांचं 'मला' कधी 'मले' झालं ते त्यांच्याही ध्यानात आलं नाही. मग म्हणाल्या, "हेच गजूनं विचारलं असतं तर त्यालेही हेच सांगितलं असतं. त्यानं विचारलंच नाही."

गजू म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ, अमरावतीचे गजानन सर. चांदूर बाजारकडच्या एका शाळेत हेडमास्तर होते. व्यसनमुक्तीसाठी गावोगाव फिरायचे, भाषणं द्यायचे, माणूस खरा होता. एका गावात भाषण रंगात आलं असताना मागून कोणीतरी ओरडलं, की मास्तर, तुमची बहीणच बिअर बनवते, आधी घर पहा. सर भाषण अर्ध्यावर टाकून खाली उतरले. घरी जाऊन बहिणीला कार्ड लिहिलं, नोकरी सोड, नाहीतर भाऊबीजेला येऊ नको. कुंदाताईंनी नोकरी सोडली नाही. वडील अंथरुणावर होते, त्यांचं सगळं कुंदाताईंवर होतं, हे सरांनाही माहीत होतं. पण शब्द गेला तो गेला.

तिथंच राहिलं असतं तर कदाचित दोन-चार वर्षांत निवळलं असतं. पण पुढं सरांनी व्यसनमुक्तीवर एक छोटी पुस्तिका छापली, शाळाशाळांत वाटली. ती फिरत फिरत कुंदाताईंच्या हाती आली. पान नऊवर लिहिलं होतं, पिवळी बिअर सौम्य असते, काळी कडक, तरुण मुलं पिवळीपासून सुरुवात करून काळीकडं वळतात. कुंदाताईंनी लाल पेन काढलं. समासात लिहिलं, "चूक. रंगावरून कडकपणा कळत नाही. आपल्याकडे मिळणारी कडक बिअर बहुतेक पिवळीच असते. हे वाचून मुलं पिवळीला निरुपद्रवी समजतील. दुरुस्त कर." आणि पुस्तिका पोस्टानं परत पाठवली. वर एक ओळ नाही, कसा आहेस नाही, काही नाही.

मी डोक्याला हात लावला. म्हटलं, "ताई, भाऊ रुसून बसला अन् तुमी त्याचा पेपर तपासला?"

"चूक होती ना पण," त्या म्हणाल्या.

त्या कार्डापासून वीसेक वर्षं दोघांत बोलणं नव्हतं. नोकरी संपल्यावर त्या अकोल्यात येऊन राहिल्या त्या एवढ्यासाठीच. अमरावतीत राहिल्या तर भावाची मान खाली जाईल, आणि अकोला म्हणजे बसनं दोन-अडीच तासांवर. दर भाऊबीजेला स्टीलच्या नव्या डब्यात अनारसे घेऊन त्या अमरावतीला जायच्या. दारात वहिनी, म्हणजे सरांची बायको, यायची, डबा घ्यायची आणि म्हणायची, हे बाहेर गेले. सरांच्या चपला दारातच असायच्या. कुंदाताई पाणी पिऊन परत. असं चार वर्षं झालं. त्यांना दुसरं काही नको होतं. त्यानं आपल्या हातचा एक अनारसा आपल्यासमोर खावा, एवढंच.

"गजू एल आहे," असं त्या म्हणायच्या. "लहानपणापासून. उकळतो, फेस येतो, झालं. पण हा फेस काही खाली बसला नाही."

पाचव्या वर्षी दिवाळीच्या आधी त्यांना ताप आला आणि तिथं माझ्या हातून घोळ झाला. अनारशाचे तांदूळ तीन दिवस भिजवायचे, पाणी रोज बदलायचं, हे मला काही नवीन नव्हतं. पण ऑक्टोबरचं ऊन कडाक्याचं होतं. मला वाटलं, तांदूळ नासतील. आणि इतकी वर्षं जे कानावर पडत होतं ते नेमकं तेव्हा आठवलं, की गारव्यात चव साफ होते. मी पातेलं उचललं आणि त्यांच्याच बुटक्या फ्रीजमध्ये ठेवलं. तिन्ही दिवस. मोठ्या शहाणपणानं.

ताप उतरल्यावर कुंदाताई उठल्या. पीठ कुटून, गूळ घालून गोळा करून मी डब्यात भरला होता. त्यांनी डबा उघडला, नाक लावलं आणि माझ्याकडं पाहिलं.

"हे आंबलंच नाही. कुठं ठेवलं होतं?"

मी सांगितलं. त्या पलंगावर बसल्या आणि इतक्या हसल्या की ठसका लागला. "अहो वच्छलाबाई, अनारसा एल असतो. त्याला ऊब लागते."

दुसरे तांदूळ भिजवायला दिवस उरले नव्हते. मी म्हटलं, बाजारातून आणू. त्यांनी ऐकलं नाही. तसेच तळले. जाळी पडली नाही, खसखस लावलेल्या पुऱ्या दिसत होत्या त्या, कडकडीत. माझा जीव थोडा थोडा होत होता. त्यात त्यांचा गुडघा धरलेला, म्हणून मी सोबत निघाले. बसमध्ये मूर्तिजापूर येईपर्यंत मी माफी मागत होते. बडनेऱ्याला त्या म्हणाल्या, "आता पुरे. तो कुठं खाणार आहे?"

अमरावतीला सरांच्या घरी पोचलो. दार उघडंच होतं आणि ओसरीत खुर्चीवर सर स्वतः बसलेले. वाळलेले, दाढी पांढरी, डोळ्यांवर जाड भिंग. मी त्यांना पहिल्यांदाच पाहत होते, पण नाक पाहून ओळखलं असतं. समोर टेबलावर कागदांचा गठ्ठा. कुंदाताई पायरीवरच थांबल्या. त्यांना पाणी पिऊन परत जायची सवय, आत कसं यायचं ते जणू विसरल्या होत्या.

सर म्हणाले, "बस."

त्या बसल्या. मी पण बसले, दाराच्या बाजूला. वहिनी आतून आली, आम्हाला पाहून पाट आणि ताट आणायला परत गेली. सरांनी गठ्ठ्यातून एक जुनी पुस्तिका काढली. पान नऊ उघडलं. समासातली लाल शाई फिकट गुलाबी झाली होती, पण अक्षर तेच, स्वच्छ.

"पुस्तिका पुन्हा छापून राहिलो," सर म्हणाले. "हे तू लिहिलं ते खरं आहे का?"

"खरं आहे."

"मंग एल अन् लॅगर म्हणजे काय? कोणी म्हणते काळी-पिवळी, कोणी म्हणते कडक-साधी. मले नीट सांग. लिहून घेतो."

कुंदाताईंनी सांगायला सुरुवात केली. मला सांगितलं होतं तसंच, वरचं खमीर, खालचं खमीर, ऊब, गारवा, कोठार. आवाज आधी थोडा हलत होता, मग खमिरावर आल्यावर स्थिर झाला. सर लिहीत होते. मधेच थांबवून विचारायचे, अगदी वर्गातल्यासारखं. वहिनी निरांजन लावून ताट घेऊन दारात उभी, पण दोघांपैकी कोणाचं तिकडं लक्ष नाही. एकदा वात विझली, तिनं पुन्हा लावली.

"म्हणजे एल कडक, असंही नाही."

"नाही. दोन्ही साध्या असतात, दोन्ही कडक असतात. किती टक्के ते बाटलीवर बारीक अक्षरात लिहिलेलं असते. पोरांना ते वाचायले शिकव. अन् साधी म्हणून दोन जास्त प्यायला की पोचला तिथंच, हेही लिही."

सरांनी लिहिलं. मग चष्मा काढून पुसला.

"वीस वर्षं म्या पोरांना चुकीचं वाचून दाखवलं, ताई."

दुसरी कोणी असती तर म्हणाली असती, जाऊ दे रे. कुंदाताई म्हणाल्या, "सतरा. पुस्तिका नंतर छापली तू."

मी दाराजवळ निघायच्या तयारीनं पदर सावरला. मनात म्हटलं, झालं, आता परत फेस. पण सर हसले. आवाज न करता, नुसते खांदे हलले. मग म्हणाले, "सतरा." आणि वहिनीला म्हणाले, पाट मांड.

ओवाळून झालं. कुंदाताईंनी डबा पुढं केला. सरांनी अनारसा उचलला, चावायचा प्रयत्न केला. माझ्याकडं न पाहता कुंदाताईंनी सांगितलं, की यंदा आंबला नाही, हिनं फ्रीजमध्ये ठेवला. सर म्हणाले, "चहा आण वं." आणि तो अनारसा चहात बुडवून, मऊ करत करत, शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्ला. मग दुसरा घेतला.

निघताना सरांनी टेबलाखालून बडीशेपेचा डबा काढून आमच्यापुढं धरला. कुंदाताईंचा हात डब्यापाशी जाऊन थांबला. त्यांनी बडीशेप घेतली, डबा हातात घेऊन नेहमीसारखा हुंगला आणि परत दिला.

परतीच्या बसमध्ये त्यांना खिडकीची जागा मिळाली. मांडीवर वहिनीनं दिलेल्या संत्र्यांची पिशवी. बडनेरा मागं पडलं. मग म्हणाल्या, "तो डबा माझा होता. पहिल्या वर्षीचा. झाकणाला पोचा आहे, मीच पाडला होता तो." थोड्या वेळानं म्हणाल्या, "बडीशेप आत मुरली आहे, वच्छलाबाई. एक-दोन महिन्यांचा वास नाही तो. रोज जेवल्यावर उघडतो."

मी म्हटलं, "म्हणजे चारही वर्षं..."

"हाव." त्या बाहेर पाहत होत्या, बोंडं फुटलेल्या पऱ्हाटीच्या शेतांकडं. "म्या त्याले एल समजत होते. एवढी वर्षं. माझी चूक झाली. तुम्हाले लिहिता-वाचता येते, तर हे कुठंतरी लिहून ठेवा."

पुढच्या चैत्रात त्या गेल्या, झोपेतच. सर आले होते, तिन्ही थर्मामीटर घेऊन गेले. मी कोणती ते शेवटपर्यंत ठरलं नाही. कुंदाताई मला अजून दिसतात त्या त्याच बसमधल्या. मूर्तिजापूर आलं तेव्हा त्यांनी पिशवीतून एक संत्रं काढलं, सोललं नाही, नुसतं नाकाशी धरलं आणि डोळे मिटून घेतले. मला वाटलं, झोप लागली. अकोला येईपर्यंत मी हलले नाही. उतरताना पाहिलं, तर संत्रं तसंच नाकाशी होतं, आणि त्या जाग्या होत्या.